फळा पुसायचं पाणी

हिवरकरसाहेबांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि माझ्या कागदावरच्या 'कांदा' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"कांद्याचं काय चुकलं, साहेब?" मी विचारलं.

"महागला म्हणून लिहिलंय तुम्ही."

"महागलाच आहे. तुमच्या घरी आणत नाहीत का?"

"आणतात. पण फळ्यावर तसं लिहायचं नाही. भाव समाधानकारक आहेत असं लिहा."

कोणाचं समाधान झालंय ते तरी सांगा, म्हणजे त्याचं नाव घालते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दारात आमचे मालक अण्णा उभे होते आणि त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मी 'समाधानकारक' लिहिलं. साहेबांनी शिक्का मारला. रोज सकाळी हाच तमाशा.

ही आणीबाणीतली गोष्ट. तेव्हा मी निंबोळ्याला दामूअण्णा कुलथ्यांच्या छापखान्यात कामाला होते. अण्णांचं 'चावडी' नावाचं साप्ताहिक निघायचं, पण ते विकत घेऊन वाचणारे गावात थोडे. गावाचं खरं वर्तमानपत्र म्हणजे छापखान्याच्या बाहेरच्या भिंतीवरचा फळा. बाजारचौकात, ऐन सार्वजनिक नळाच्या वर. रोज सकाळी मी त्या नळाचं पाणी घेऊन कालचा मजकूर पुसायची आणि खडूनं नवा लिहायची. बाजारभाव, एसटीची बदललेली वेळ, कोण गेलं, कोणाचा मुलगा पास झाला, जिल्ह्याची एखादी बातमी. माझं अक्षर मोठं आणि गोल, चष्मा विसरून आलेल्या म्हाताऱ्यालाही लागायचं. ज्याला वाचता येत नसे तो शेजारच्याला कोपरानं ढोसून वाचून घ्यायचा. गावाला एक खोडच लागली होती. कोणी काहीही सांगो, सख्ख्या भावानं सांगितलं तरी माणसं विचारायची, "फळ्यावर आलंय का?" फळ्यावर आलं की खरं, नाहीतर टपरीवरच्या गप्पा.

तर या फळ्यावर सरकारनं नायब तहसीलदार हिवरकर यांना तपासनीस म्हणून बसवलं. छापायच्या आधी मजकूर दाखवायचा, असा तेव्हा नियम होता. खडूनं लिहिलेला फळा छापील म्हणायचा की नाही, यावर कचेरीत बरेच दिवस खल झाला म्हणे. शेवटी म्हणायचा असं ठरलं. मग अडचण आली शिक्क्याची. निळा शिक्का काळ्या फळ्यावर दिसेना. शिपाई मारतोय, पुसतोय, पुन्हा मारतोय, आणि खाली माणसं मजा बघतायत. मग साहेबांनी डोकं चालवलं. मजकूर कागदावर लिहून आणायचा, ते तपासून शिक्का मारणार आणि तो कागद फळ्याशेजारी चिकटवायचा. झालं. लाल पेन्सिलीनं खोडलेलं सगळं गावानं कागदावर वाचायला सुरुवात केली. फळ्याकडे कुत्रं बघेना आणि कागदापुढे ही गर्दी. साहेबांच्या हे ध्यानात यायला दोन दिवस लागले. मग कागद कचेरीतच ठेवून घ्यायचं ठरलं.

एकदा त्यांनी सगळाच मजकूर खोडला. मी फळा स्वच्छ पुसून कोरा सोडला. तर कोऱ्या फळ्यापुढे रोजच्या दुप्पट माणसं जमली आणि 'काय झालं असेल' याची चर्चा सुरू झाली. साहेब धावत आले. कोरा फळा म्हणजे निषेध, तसं चालणार नाही, काहीतरी लिहा. काय लिहू, तर म्हणे काहीतरी चांगलं. तेव्हापासून रोज शेवटी एक ओळ तेच द्यायचे. 'कर वेळेवर भरा.' 'रांगेची शिस्त पाळा.' मी इतकी वैतागले होते की घरी भाकरी थापतानासुद्धा तोंडानं बडबडायची. आई म्हणायची, ही पोर एक दिवस तव्यालाच शिस्त शिकवील.

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान मनापासून शिव्या देता आल्या असत्या. पण हिवरकर दुष्ट नव्हते. मुकाट्यानं समोर येईल तो चहा प्यायचे, कप स्वतः विसळून ठेवायचे. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. एकदा खोडता खोडता मला म्हणाले, आमच्या मंडळींना दिवस गेलेत, माहेर पार कोकणात, एवढा प्रवास कसा करणार, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरवलंय. नवी नळयोजना झाल्यामुळे दारात पाणी आलं, विहिरीवर जाणं वाचलं, याचं त्यांना फार कौतुक. त्या योजनेचं उद्घाटन करायला मंत्री यायचे होते. पाणी मात्र आधीच सोडलं होतं.

आणि मग खालच्या आळीतली पुष्पा गेली.

पुष्पा म्हणजे जनाबाई भोईणीची एकुलती एक लेक, माझ्या धाकट्या बहिणीची, इंदूची मैत्रीण. दोघी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. दुपारी एकमेकींच्या ओट्यावर बसून कैऱ्या खायच्या आणि पोटाला हात लावून कोणाचं जास्त लाथा मारतं ते बघायच्या. पुष्पाचे डोळे पिवळे झाले, मग अंग. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग ती भ्रमात बडबडायला लागली, आईलाही ओळखेना. मी तिचे पाय धरून बसले होते. हळदीत बुडवून काढावी तशी पोर दिसत होती. ती गेली, पोटातलंही गेलं. आणि आमच्या घरात इंदूला सातवा महिना.

मी तशीच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दार अर्धं लोटून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. खालच्या आळीत नळाची लाइन गटारातून गेली आहे आणि कुठेतरी फुटली आहे, पुढे सगळ्या गावात तेच पाणी जातं. रोज पिवळ्या डोळ्यांची माणसं येतायत. बाकीचे खाटेवर पडून बरे होतील, पण पोटुशा बायकांना ही कावीळ सोसत नाही. पाणी चांगलं उकळून प्यायला सांगा, एवढाच उपाय. मी म्हटलं, मग तसं दोन ओळी लिहून द्या. ते म्हणाले, मी दोनदा वर कळवलंय, पाणी योग्य असल्याचं उत्तर आलंय, आता पुन्हा लिहिलं तर मलाच उचलतील. मला पोरंबाळं आहेत, द्वारकाबाई. पोरंबाळं त्यांना होती, तशीच खालच्या आळीलाही होती.

त्या दिवशी घरी पहिलं काम केलं ते पाणी उकळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. मी लिहिलं होतं: 'खालच्या आळीत काविळीची साथ. नळाचे पाणी उकळी फुटल्यावरही बराच वेळ उकळत ठेवून मगच प्यावे. गरोदर स्त्रियांनी विशेष जपावे.'

साहेबांनी पहिले चार शब्द वाचले आणि पेन्सिल थेट खालपर्यंत ओढली.

"पुढचं वाचलं तरी का?"

"साथ म्हटलं की पुढचं वाचायचं कारण नाही. साथ, टंचाई, मोर्चा, हे शब्द आले की सगळा परिच्छेद काढायचा, असा आदेश आहे. आणि पाणी तपासलेलं आहे. माझ्याकडे पत्र आहे."

"पुष्पा गेली, साहेब. जनाबाईची."

"बाळंतपणात जातात बायका," ते म्हणाले. कठोरपणे नाही, हळहळत म्हणाले. त्यानं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी 'साथ' शब्द काढून तेच नेलं. 'कावीळ' दिसल्याबरोबर त्यांनी खोडलं. तिसऱ्या दिवशी 'कावीळ' काढलं, तर म्हणे नळाचं नाव आलं, म्हणजे योजनेची बदनामी. मग मी नुसतं 'पाणी उकळून प्यावे' एवढंच सुविचारासारखं लिहून नेलं. त्यांनी मान हलवली, हे सूचक आहे. शेवटी मी 'आजचा पदार्थ' असं सदर काढलं आणि खाली लिहिलं, उकळलेलं पाणी, कृती अमुक अमुक. चेष्टा करता का, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, चेष्टा कोण कोणाची करतंय ते तुम्हीच सांगा. त्यावर त्यांनी मला 'झाडे लावा' ही ओळ दिली.

बरं, घरोघर जाऊन सांगितलं नाही असंही नाही. खालच्या आळीत एकेका दारात उभी राहिले. बायका ऐकून घ्यायच्या, पदर तोंडाशी धरायच्या आणि विचारायच्या, "फळ्यावर तर काही आलं नाही?" जन्मभर मीच त्यांना ही सवय लावलेली, कोणावर चिडू? त्यातच कचेरीनं दवंडी पिटली की पाणी शुद्ध आहे, अफवा पसरवणाऱ्याला अटक होईल. रॉकेल रेशनवर मिळायचं. कोणाच्या तरी सांगण्यावरून हंडाभर पाणी कोण उकळत बसेल? आणखी एका माहेरवाशिणीचे डोळे पिवळे झाले. इंदू घाबरून दारातसुद्धा बसेना.

त्या सकाळी अण्णा चहाचा स्टो पेटवत होते. मी साहेबांकडून मंजूर मजकूर घेऊन आले होते, त्यात कांदा समाधानकारक होता, झाडं होती आणि मंत्र्यांचा दौरा होता. फळा पुसायला तांब्या घेतला, नळाखाली धरला आणि तशीच उभी राहिले. मग आत गेले आणि अण्णांना म्हटलं, स्टो द्या.

"चहा होऊ दे की."

"चहा नंतर. पातेलंही द्या."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. सहा महिने त्यांनी मूग गिळून काढले होते. छापखान्याला सील लागलं तर सहा घरं उपाशी बसली असती, म्हणून. त्यांनी स्टो उचलला, बाहेर आणला आणि फळ्याखालच्या ओट्यावर स्वतःच्या हातानं ठेवला. म्हणाले, "वारा लागतोय, आडोसा करतो." आणि छत्री उघडून बसले.

मी नळाचं पाणी पातेल्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर उकळायला ठेवलं. नळावर बायकांची रांग, फळ्यापुढे बातम्या वाचायला आलेली माणसं. सगळे बघतायत. उकळी फुटली तरी मी स्टो बंद केला नाही. खदखदू दिलं. मग उतरवलं, निवू दिलं, फडकं बुडवलं आणि फळा पुसायला लागले.

रांगेत जनाबाई होती. लेक गेल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. कमरेवर भरलेला हंडा घेऊन ती पुढे आली.

"द्वारके, फळ्याला पण उकळलेलं पाणी लागतं का गं?"

"लागतं, मावशी. मी तर आता कच्चं पाणी दगडालासुद्धा लावणार नाही."

ती बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिली. मग तिनं कमरेवरचा हंडा उतरवला आणि सगळं पाणी गटारात ओतून दिलं. रिकामा हंडा घेऊन जुन्या विहिरीच्या वाटेनं चालायला लागली.

त्यानंतर मी रोज फळ्याखाली स्टो मांडला. फळ्यावर साहेबांचाच मजकूर, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण गावात विचारणं बदललं. फळ्यावर आलंय का म्हटलं की उत्तर यायचं, फळ्याखाली आलंय. सकाळी गल्लीतून चाललं की घराघरातून स्टोचा आवाज ऐकू यायचा, ज्यांच्याकडे रॉकेल नव्हतं त्यांच्या चुलींचा धूर. टवाळखोरही होते. बाई, खडूही उकळून घ्या, असं एक जण म्हणाला. त्याच्याही बायकोनं दुपारी मला गाठून पातेलं केवढं लागतं ते विचारलं.

हे कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. उद्घाटन जवळ आलेलं. हिवरकरसाहेब एका हवालदाराला घेऊन चौकात आले. घामाघूम झाले होते. वरून चांगलीच हजेरी घेतलेली दिसत होती.

"बाई, हे काय चालवलंय?"

"फळा पुसायचं पाणी तापवतेय."

"कोणाच्या परवानगीनं?"

"पुसायला परवानगी लागते हे माहीत नव्हतं. लिहायला लागते, ती घेतलीय. बघा वर, तुमचंच आहे सगळं."

हवालदारानं वर बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, झाडे लावा. कोणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, यातून चुकीचा समज पसरतोय, हे ताबडतोब बंद करा आणि पाणी चांगलं आहे असं इथल्या इथे सगळ्यांना सांगा.

मग मात्र माझा तोल गेला. इतके दिवस खोडून घेतलं होतं, सगळं एकदम वर आलं. मी चहाचा पेला नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे केला.

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा. सगळ्यांसमोर प्या."

मला पक्कं ठाऊक होतं की ते पिणार नाहीत. हा माणूस घरी उकळलेलं पितो आणि इथे आम्हाला कच्चं पाजतो, असंच मी धरून चालले होते. ते हातात पेला घेऊन चुळबुळ करतील, कसनुसं हसतील, गाव बघेल. एवढंच मला हवं होतं.

त्यांनी पेला घेतला. जराही थांबले नाहीत. 'एवढंच ना' म्हणाले आणि सरळ तोंडाला लावायला गेले.

त्या क्षणी मला कळलं. या माणसाला माहीतच नाही. रोज माझ्या कागदावर रेघ मारणाऱ्या या माणसानं त्या कागदावर काय लिहिलंय ते बातमी म्हणून कधी वाचलंच नव्हतं. नको तो शब्द दिसला की पेन्सिल टेकवायची आणि खाली ओढायची. बाकी वरून आलेलं पत्र, ते खरं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी खोडलेली बातमी गावात सर्वांना कळली होती, फक्त त्यांना कळली नव्हती.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. पेला उडाला, ओट्यावर आपटला, पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. हवालदार पुढे सरसावला.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या घरी कुठलं पाणी पितात?"

"नळाचं. दुसरं कुठलं?"

"वहिनीसुद्धा?"

ते काहीतरी बोलायला गेले. पत्र, म्हणाले, पत्र आलंय, आणि तिथेच थांबले. रांगेतल्या बायकांकडे बघितलं. बहुतेकींचे हंडे रिकामे होते, नळ मोकळा वाहत होता. जनाबाई पुढे आली आणि त्यांना म्हणाली, "माझी पण नळाचंच प्यायची, बाबा."

साहेब वळले आणि कचेरीच्या उलट्या दिशेनं, क्वार्टर्सकडे निघाले. आधी चालत, मग भराभर, आणि कोपऱ्यावरून तर धोतर सावरत पळावं तसे पँट धरून पळाले. हवालदाराला कोणाला पकडायचं ते कळेना. शेवटी त्यानं स्वतःच नळ बंद केला.

दुपारी कचेरीतून दुसरेच लोक आले आणि फळा उतरवून घेऊन गेले. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. अण्णा म्हणाले, स्टो तरी ठेवला. मला म्हणाले, उद्यापासून दोन दिवस येऊ नकोस, कोणी विचारायला आलं तर इंदूच्या बाळंतपणात आहेस म्हणून सांगतो. मी घरी आले आणि कोणावर तरी ओरडायचं म्हणून आईवर ओरडले.

दिवेलागणीला दाराशी एक बाई उभी राहिली. अंगावरून पदर घट्ट घेतलेला, भरत आलेलं पोट, हातात रिकामी कळशी. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, पण विचारायची गरजही नव्हती.

"फळा लिहिणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"लिहीत होते. दुपारी उतरवला."

"ह्यांनी विचारून यायला सांगितलंय." ती खाली बघत बोलत होती. "उकळी आली की लगेच उतरवायचं, की तसंच राहू द्यायचं थोडा वेळ?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या दिवशी, पहिल्या कागदावर, स्वच्छ अक्षरात तेच तर लिहिलं होतं मी. साहेबांच्या हातात दिलं होतं. तोंडापर्यंत आलेलं सगळं बोलून टाकणार होते, पण आधी तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं आणि खालची पापणी ओढून बघितली. डोळा पांढरा होता. दुसराही बघितला. मग मी उंबऱ्यावर बसले. आतून इंदू विचारत होती, ताई, कोण आलंय?

मी तिला सगळं सांगितलं. भांडं कसं घ्यायचं, किती वेळ खदखदू द्यायचं, झाकून कसं ठेवायचं. तिनं मन लावून ऐकलं. निघताना ती उंबऱ्याशी घुटमळली.

"लिहून द्याल का? ह्यांना तोंडी सांगून पटत नाही. लेखी लागतं."

मी आत जाऊन कागद आणला. इंदूनं कंदील धरला. मी तोच मजकूर पुन्हा एकदा लिहिला, शब्दाला शब्द, साथ, कावीळ आणि नळासकट, आणि खाली शिक्क्याला जागा सोडली नाही.